खळ्यातलं खुराडं: पडक्या गोठ्यातून उभं केलेलं (फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५)

२ फेब्रुवारी, रविवार

दहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढ्यांसाठी खुराडं बांधायचं ठरलं. खर्चाची मर्यादा सहा हजार रुपये. काम करायला फक्त रविवार, कारण बाकी सहा दिवस नोकरी कुडाळला.

पहिला विचार पत्र्याचाच होता. चार लोखंडी पाइप, वर पत्रा, भोवती जाळी, दोन दिवसांत काम फत्ते. आईने तो हाणून पाडला. "तुळशीसमोर पत्र्याचो डबो नको हां माका. घराक शोभात असा कायतरी कर." तिचं म्हणणं रास्त आहे. आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, छोटं आहे. तुळशीपासून विहिरीच्या वाटेपर्यंत जेमतेम वीस पावलं, आणि खुराडं बसणार ते त्याच्या मधोमध. पडवीत बसलं की दिवसभर नजरेला तेच पडणार. शिवाय इथल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली कोंबड्या धापा टाकतात, हे शेजारी पाहिलेलं आहे.

सामान कुठून आणायचं याचं उत्तर घरामागेच होतं. आजोबांचा गोठा दोन वर्षांपूर्वी जुलैत बसला. चिरे, कौलं, चार-दोन खांब रानात तसेच पडून होते. आज सकाळी कोयत्याने रान साफ केलं आणि मोजदाद केली. धड चिरे ६२, धड कौलं १४०च्या आसपास, आइनाचे खांब चार (दोन बुंध्याशी वाळवीने खाल्लेले), आणि एक जुनं फणसाचं दार, अर्धं कुजलेलं.

कौलं धुतल्यावर काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हे साल दिसलं. ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, त्या कौलाच्या जन्माचं नव्हे. तरी ही कौलं आजोबांनी स्वतःच्या हाताने चढवली होती. ती पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर म्हणून जाणार याचा मला मनापासून आनंद आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

माप ठरवलं. आतून सहा फूट बाय चार फूट. दिवसभर कोंबड्या मोकळ्या फिरणार, खुराडं फक्त रात्रीसाठी, त्यामुळे पक्ष्यामागे दोन चौरस फूट पुरतात. कोंबड्या दिवसाही कोंडून ठेवायच्या असतील तर हे माप घेऊ नका, निदान दुप्पट घ्या.

दिशेबद्दल एक सांगायला हवं. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे ऊन आत कमी येतं, असं सगळीकडे सांगतात. आम्ही आढं, म्हणजे छपराचा वरचा मधला कणा, दक्षिणोत्तर घेतलं. डोक्यावर फणसाची सावली आहे, त्यामुळे उन्हाची काळजी कमी. आम्हाला खरी भीती पावसाची. झड येते ती नैऋत्येकडून. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजू कुडाने (बांबूच्या विणलेल्या, लिंपलेल्या भिंतीने) बंद, पूर्व आणि उत्तर बाजू जाळीच्या.

चौथरा आखला. साडेसहा बाय साडेचार फूट. चिऱ्याचे दोन थर, त्यातला खालचा अर्धा जमिनीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

चौथरा झाला. माती आणि चिऱ्याचा चुरा भरून धुमसाने ठोकला, वर सिमेंटचा पातळ कोबा. सिमेंट एक गोणी ४००, रेती ३००, आणायला रिक्षा टेम्पो ३५०.

सोप्यातली सोपी गोष्ट चुकली. कोब्याला उतार द्यायला विसरलो. खुराडं धुतलं की पाणी दाराकडे वाहून यायला हवं. वरून घमेलंभर पाणी ओतलं तर ते मधोमध थाळीसारखं साचून राहिलं. कोबा ओला होता तोवर थापी घेऊन उत्तरेकडे एक इंच उतार काढला. दीड तास गेला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं असतं तर सगळा कोबा फोडावा लागला असता.

चौथऱ्याच्या तीन बाजूंना चिऱ्याचा आणखी एक थर चढवला, सात इंची. यामागे हिशेब आहे. जाळी बाजारात तीन फुटी मिळते. सात इंच चिरा आणि वर तीन फूट जाळी, म्हणजे भिंत पूर्ण होते आणि जाळीला मधे कुठे जोड येत नाही. जोड जिथे, तिथेच जनावर नख घालतं.

चिऱ्याला गिलावा केला नाही. जांभ्याचा तांबडा रंग उघडाच ठेवला. फक्त सांध्यांत चुना-सिमेंट भरून ते बोटाने दाबत गेलो. संध्याकाळच्या उन्हात चौथरा नुसता बघत बसावा असा दिसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

चौदा बांबू आणले, माणगा जातीचे, ६० रुपये नग. आठ व्हाळाच्या (ओढ्याच्या) कोंडीत बुडवले, वर दगड ठेवले. दोन आठवडे पाण्यात राहिले की बांबूतला गोडवा उतरतो आणि कीड लागत नाही, ही इकडची जुनी रीत. उरलेले सहा बुडवले नाहीत. वासे म्हणून ते लगेच हवे होते, थांबायची तयारी नव्हती. पुढे या सहांनी काय केलं ते वाचा.

२ मार्च, रविवार

मेस्त्रीकाका आले. रोज ९००. मी कागदावर काढलेलं छप्पर त्यांनी पाहिलं आणि आधी उतारावरच बोट ठेवलं. मी आढं भिंतीपेक्षा आठ इंच उंच धरलं होतं. "कौलांका उतार होयो. इतक्या सपाट छपराक पाणी मागे येतला." त्यांनी ते चौदा इंच केलं. मंगळुरी कौलाला साधारण तीस अंशांचा उतार लागतोच, त्याहून कमी असेल तर जोराच्या पावसात पाणी कौलाच्या सांध्यातून मागे चढतं. उतार वाढल्याने खुराड्याला रूपही आलं. आठ इंचात ते झाकण ठेवल्यासारखं दिसलं असतं, आता ते छोट्या घरासारखं दिसतं.

वाळवीने खाल्लेल्या दोन खांबांचे बुंधे कापून टाकले. चारही खांब साडेतीन फुटांवर आणले, खाली चिऱ्यात खोबणी करून बसवले. खांबांना खालून फूटभर काजूच्या टरफलाचं तेल लावलं (लिटरभर, १४० रुपये). वाळवीला यासारखा उपाय नाही, पण हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. माझ्या मनगटावर एक थेंब पडला तर तिथली कातडी काळी पडून सोलवटली, आठ दिवस आग होत होती.

बांबूचे वासे पाहून मेस्त्रीकाकांनी मान हलवली. "हो बांबू वाकतलो. माड घाल." माडाचा वासा १५० रुपये, सहा लागणार, म्हणजे ९०० वाढले. मी म्हटलं, एवढ्याशा छपराला बांबू पुरेल.

९ मार्च, रविवार

पोफळीच्या रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, ठोकल्या. आमचीच एक वठलेली पोफळ होती, तिच्यातून सगळ्या निघाल्या. दोन रिपांमधलं अंतर कौल प्रत्यक्ष ठेवून घ्यावं. माझ्या कौलांना ते साडेबारा इंच आलं. एका पाख्याला (छपराच्या एका उताराला) चार ओळी, ओळीत अकरा कौलं, दोन्ही पाखी मिळून ८८. दुपारी चारपर्यंत सगळी चढली. आढ्यावरचे कोने गोठ्यातले फुटके होते, सात नवे आणले, २८०.

सोमवारी सकाळी दात घासत खळ्यात आलो आणि तसाच उभा राहिलो. आढं मधोमध चार बोटं खाली बसलं होतं. पश्चिमेचा मधला बांबू पेरापाशी उभा चिरला होता, चिरेत करंगळी जाईल एवढा.

एक कौल अडीच किलोच्या आसपास. ८८ कौलं म्हणजे दोनशे किलोंच्या वर, आणि ही कोरडी. पावसात भिजली की वजन आणखी वाढतं. हा गुणाकार मी आधी करायला हवा होता. मेस्त्रीकाकांनी तो न करताच सांगितला होता.

१३ ते २० मार्च

शिमगा. काम बंद. कौलं उतरवून ठेवली.

२३ मार्च, रविवार

माडाचे सहा वासे आले. मेस्त्रीकाकांचा दुसरा दिवस, आणखी ९००. माड एवढा कठीण की खिळा वाकतो. आधी गिरमिटाने भोक पाडून मग स्क्रू बसवावे लागले. पण कौलं परत चढवल्यावर आढं सुतासारखं सरळ राहिलं आणि आज हे लिहीपर्यंत तसंच आहे. कौलारू छप्पर करणार असाल तर वाशांवर पैसे वाचवायला जाऊ नका.

याच आठवड्यात संध्याकाळी थोडं थोडं करून मी आणि हिने कूड विणला. भिजवून वाळवलेल्या बांबूच्या कांब्या काढल्या, उभ्या कांब्या वीतभर अंतरावर, आडव्या एक आत एक बाहेर. आबा, आमचे शेजारी, यात तरबेज आहेत. त्यांनी दाखवलं की कांबीची हिरवी पाठ बाहेर आणि पोट आत ठेवायचं, म्हणजे वाकवताना ती मोडत नाही. पूर्वेकडे जाळीच्या बाहेरून चौकटी-चौकटीचं विणकाम केलं, निव्वळ शोभेसाठी. जाळी नुसती असली की डोळ्याला टोचते. बांबूची चौकट आली की ती मागे जाते.

कुडाला लिंपण घातलं. वारुळाची माती दोन घमेली, शेण एक घमेलं, बारीक कापलेला पेंढा. पहिला थर एक इंच जाड घातला आणि तो वाळताना भेगाळला, तळहातावरच्या रेषांसारखा. हिने तो ओला करून पुन्हा हाताने दाबला आणि वरून अर्ध्या बोटाचा पातळ थर दिला. तो टिकला. जाड थर एका वेळी घालू नये. पातळ घालावा, वाळू द्यावा, मग दुसरा.

३० मार्च, गुढीपाडवा

जाळी बसवली. हिरवी प्लास्टिकची, ३८० रुपयांत सगळी बाजू झाली. लोखंडी वेल्डमेश अर्ध्या इंचाची विचारली तर २४ रुपये चौरस फूट, म्हणजे १,४४०. खर्च आधीच सहा हजारांच्या दाराशी येऊन ठेपला होता. ही वर्षभर चालेल, मग बदलू, असं ठरवलं.

दाराला निळा रंग दिला. गणपतीची भिंत रंगवायला आणलेल्या रंगातला अर्धा डबा शिल्लक होता. चौथऱ्याच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा. चुना आणि लहान कुंचला मिळून १८० रुपये. आईने लिंपणावर गेरूचा हात दिला आणि तांदळाच्या पिठाने दोन माड काढले.

तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) दहा, कोंबडा एक, संध्याकाळी आत सोडले. चार महिन्यांचे पक्षी आहेत, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेली. सगळे निमूट आत गेले.

६ एप्रिल, रविवार

आज काम झालं नाही.

पहाटे तीनच्या सुमारास कोंबड्याचा आवाज आला, नेहमीच्या आरवण्याचा नाही, घशातून फाटल्यासारखा. बॅटरी घेऊन धावलो. उत्तरेच्या कोपऱ्यात, खालून वीतभर उंचीवर, प्लास्टिकच्या जाळीला माझ्या तळव्याएवढं भोक होतं. दोऱ्यांची टोकं कातरीने कापावीत तशी. तीन कोंबड्या गेल्या. दोन आतच पडल्या होत्या, मानेशी रक्त, अंगाला दुसरी जखम नाही. तिसरीची पिसं फणसाच्या मुळापर्यंत सापडली, पुढे काही नाही. उरलेल्या सात आणि कोंबडा सगळ्यात वरच्या दांडीवर एकमेकांना चिकटून बसले होते. बॅटरीचा झोत पडला तरी हलले नाहीत.

मला मुंगूस वाटलं. आबांनी सकाळी येऊन चुन्याच्या पट्ट्यावरचा ठसा दाखवला. पाच बोटं स्पष्ट उमटलेली. मांजराची चारच उमटतात, आणि मुंगूस रात्री फिरत नाही. हा कांडेचोर, म्हणजे उदमांजर. आमच्या पोफळीवर त्याची वस्ती आहे हे माहीत होतं. तो कोंबड्यांपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

एक तलंग ४५० रुपयांची. पण पैशांपेक्षा ती जाळी मी जाणून घेतली होती, हे मनातून जात नाही. चौथरा पक्का, छप्पर पक्कं, रंगरंगोटी झाली, आणि कोंबडी व कांडेचोर यांच्यामध्ये जी एकच गोष्ट उभी होती तिच्यावर मी हजार रुपये वाचवले. आई एवढंच म्हणाली, "गेली ती गेली. उरली तेंका सांभाळ."

आठवडाभर कोंबड्या पडवीत डालग्याखाली.

१३ एप्रिल, रविवार

वेल्डमेश लावली. तीन फुटी, वीस फूट लांब. पूर्व बाजू, उत्तरेचं दार, छपराखालचे दोन्ही त्रिकोण, आणि भिंत व कौलांमधली हवेची फट, सगळं झाकलं. ती फट बंद करून चालत नाही, वरची गरम ओलसर हवा तिथूनच जाते, म्हणून तिथे जाळीच हवी.

जाळी कशी लावली ते नीट सांगतो. नुसते खिळे वाकवून ठोकले तर जाळी दोन महिन्यांत सुटते. आधी यू खिळे, चार चार बोटांवर. मग जाळीच्या कडेवरून पोफळीची पातळ पट्टी, आणि पट्टीतून स्क्रू. कड कुठेच उघडी राहत नाही, नखाला धरायला काही मिळत नाही, आणि पट्टीमुळे चौकटीला किनार आल्यासारखी दिसते. झाल्यावर मी प्रत्येक कोपरा दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावून ओढून पाहिला.

दाराला दोन कड्या, एक वर एक खाली, दोन्हींत लाकडी खुंटी. बिजागऱ्या, कड्या, खिळे, स्क्रू, तार मिळून आतापर्यंत ७६०.

२७ एप्रिल, रविवार

बांबूची कीड. वासे म्हणून नाकारलेल्या, न भिजवलेल्या बांबूंतून बसायच्या दांड्या केल्या होत्या. त्यांच्याखाली पिवळट पीठ पडलेलं दिसलं, चिमटीत धरलं तर मैद्यासारखं. बांबूवर टाचणीने टोचावं तशी भोकं. व्हाळात भिजवलेल्या आठांपैकी एकालाही भोक नाही. एकाच दिवशी आणलेला एकाच बेटाचा बांबू, फरक फक्त दोन आठवड्यांच्या पाण्याचा.

किडके काढून चुलीत घातले. नव्या दांड्या पेरूच्या फांद्यांच्या केल्या, दोन इंच जाड, सालीसकट. चार चार फुटांच्या दोन. पक्ष्यामागे आठ इंच धरले तर अकरांना पुरतात. बांबूवर त्यांचे पाय घसरत होते हेही आता कळलं. पेरूवर पकड बसते.

११ मे, रविवार

अंडी घालायला खोकी. आंब्याचा हंगाम उतरणीला, बागेतून तीन लाकडी पेट्या फुकट मिळाल्या. जेमतेम फूटभर रुंद, आत पेंढा. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते.

मी त्या दांड्यांपेक्षा उंच लावल्या, खाली जागा मोकळी राहावी म्हणून. दोन दिवसांत कोंबड्या पेट्यांमध्येच झोपायला लागल्या आणि सगळा पेंढा विष्ठेने भरला. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते. पेट्या दांडीच्या एक फूट खाली आणल्या, त्याच रात्री सगळ्या दांडीवर गेल्या. १६ तारखेला पहिलं अंडं. लहानसं, फिकट तपकिरी, बाजूला रक्ताची रेघ. आईने ते देवासमोर ठेवून मग घरात आणलं.

२० ते २६ मे

यंदा पाऊस कुणालाच विचारून आला नाही. २० तारखेपासून वळवाने झोडपलं, आणि २५ मे रोजी मान्सून देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी आमच्याकडे ७ जूनच्या आसपास तयारी असते. मी पश्चिमेच्या कुडाला झापं (विणलेल्या झावळा) बांधायचं काम १ जूनवर ठेवलं होतं.

२२ तारखेला संध्याकाळी कामावरून आलो तर पश्चिमेच्या कुडाचं लिंपण खालून दोन फूट उतरलं होतं. कांब्या उघड्या पडल्या होत्या आणि तांबडं पाणी चौथऱ्यावरून ओघळत होतं. आईने काढलेला दक्षिणेकडचा माड पुसला गेला. छप्पर मात्र कुठे गळलं नाही. कोंबड्या कोरड्या होत्या.

दोष पावळीचा. मी छपराची पुढे आलेली कड एक फूट ठेवली. साडेतीन फुटांच्या भिंतीला सरळ पावसात ती पुरते, वाऱ्याच्या झडीत नाही. पागोळ्यांचं पाणी खाली जमिनीवर आपटून उडतं आणि भिंतीचा तळ तिथून भिजतो. भिंत वरून नाही, खालून गेली.

तात्पुरतं प्लास्टिक बांधलं. ते दिसायला वाईट आणि वाऱ्याने रात्रभर फडफडतं. कोंबड्या दांडीवर बसेनात.

१ जून, रविवार

उघाड मिळाली. पश्चिमेकडे कौलांची आणखी एक ओळ वाढवली, अकरा कौलं. तिला टेकू म्हणून माडाचे दोन बारीक खांब आणि रीप, २५० रुपये. आता पावळी दोन फुटांच्या वर गेली आणि त्या बाजूला नकळत छोटी पडवी तयार झाली. पाऊस असला की दिवसा कोंबड्या तिथेच माती उकरत बसतात. हे आधीच आराखड्यात असायला हवं होतं. दिसायलाही एका बाजूला लांब उतरलेलं छप्पर जास्त देखणं आहे, जुन्या घरांच्या पडवीसारखं.

पागोळ्या पडतात त्या रेषेवर चिऱ्याच्या कपच्या आणि व्हाळातले गोटे पसरले. पाणी आता आपटून उडत नाही. कुडाला बाहेरून माडाच्या झावळांची झापं बांधली. दोन झापं, आईने आणि हिने विणलेली. त्यांच्या मागे लिंपण पुन्हा घातलं, पण ते पावसाळ्यात नीट वाळणार नाही. खरं काम दिवाळीनंतर.

१५ जून, रविवार

हिशेब लिहून काढला, कारण विचारणारे बरेच आहेत. सुतार दोन दिवस १,८००. माडाचे वासे ९००. बांबू ८४०. वेल्डमेश १,४४०. प्लास्टिक जाळी ३८०. सिमेंट ४००, रेती ३००, वाहतूक ३५०. लोखंडी सामान ७६०. कोने २८०. चुना व कुंचला १८०. काजूचं तेल १४०. पश्चिमेचे खांब आणि रीप २५०. एकूण ८,०२०. ठरवले होते ६,०००.

यातले वाया गेलेले वेगळे काढले. प्लास्टिक जाळी ३८०, वाशांसाठी घेतलेले सहा बांबू ३६०, छप्पर दुसऱ्यांदा चढवायचा सुताराचा दिवस ९००. एकूण १,६४०. शिवाय तीन कोंबड्या, १,३५०. गोठ्याचे चिरे आणि कौलं घरची नसती तर हा आकडा कितीतरी वर गेला असता, हेही लक्षात घ्या. पण पडके गोठे, मोडलेले मांगर (शेतावरची घरं) कोकणात वाडीवाडीत आहेत. मालकाला विचारलं तर बहुतेक वेळा जागा मोकळी करून दिल्याच्या बदल्यात सामान मिळतं.

६ जुलै, रविवार

वास. आत डोकं घातलं की डोळे चुरचुरतात. जमिनीवर तीन इंच भाताचं तूस आहे, ते ओलाव्याने पापडासारखं धरलं. एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांनी बदललं तरी चालत होतं, आता आठवड्याला बदलावं लागतं. दर दोन दिवसांनी दाताळ्याने वरखाली करून मूठ-दोन मूठ विरलेला चुना आणि चुलीतली कोरडी राख टाकतो. चार दिवसांत फरक पडला.

साफ करताना एक मोठी अडचण. दार दोन फूट रुंद आहे. आतला कोपरा गाठायला गुडघ्यावर बसून अर्धं अंग आत घालावं लागतं. आईला ते जमणार नाही. उत्तरेची अख्खी बाजू कपाटासारखी दोन पाखांची उघडती करायला हवी होती. आज जाळीची चौकट सोडवून दुसरं पाख केलं, बिजागऱ्या गोठ्याच्या जुन्या दाराच्या. सहा तास लागले. सुरुवातीला केलं असतं तर तासाभराचं काम होतं. आता फावड्याने उभ्या उभ्या सगळं ओढून काढता येतं, आणि तूस थेट माडाच्या आळ्यात.

२९ जुलै, नागपंचमी

सकाळी दार उघडलं तर पेट्यांखाली धामण. दाणे आत पिशवीत ठेवत होतो, त्यावर उंदीर आले, उंदरांमागे ती. आम्ही लांब उभे राहिलो, ती दाराखालून निघून गेली. दार आणि चौथरा यांत बोटभर फट राहिली होती. जाळी अर्ध्या इंचाची आणि खाली इंचाची फट, म्हणजे जाळीचा उपयोग तेवढाच उणा. दाराला खालून पोफळीची पट्टी ठोकली. दाणे आता पत्र्याच्या डब्यात, पडवीत.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर. चाकरमानी यायला लागले. चुलतभावाची मुलगी खळ्यात पाऊल टाकल्या टाकल्या निळ्या दाराशी जाऊन बसली आणि अंडं कधी येतं ते बघत राहिली. सात कोंबड्यांची सध्या रोज चार-पाच अंडी मिळतात. एक खुडूक आहे, तिच्याखाली नऊ अंडी ठेवली आहेत, २१ दिवस ५ सप्टेंबरला भरतील. तिला वेगळी पेटी दिली आहे, खाली, जमिनीलगत, कारण पिल्लांना उंचावरून उतरता येत नाही.

आईने चौथऱ्याच्या कडेचा चुना पुन्हा दिला. पुसला गेलेला माड परत काढायला तिने पीठ कालवलं होतं, पण भिंत ओली आहे, रेघ धरत नाही. झापं काढून भिंत वाळली की काढणार.

बाकी राहिलेलं: दक्षिणेच्या कोपऱ्यात एक कौल तडकलंय, तिथे आत थेंब पडतो, बदलायचं. दुसऱ्या पाखाची वरची बिजागरी खाली बसतेय. आबा म्हणतात पोफळीवरचा कांडेचोर अजून रात्री फिरतो. दोनदा जाळीवर चिखलाचे पंजे पाहिले, पूर्वेकडे, कमरेएवढ्या उंचीवर. यू खिळा एकही हललेला नाही. तरी रोज रात्री झोपण्याआधी दोन्ही खुंट्या हाताने चाचपून बघतो.

चाळीसेक कौलं अजून फणसाखाली रचून ठेवली आहेत. पिल्लांसाठी त्यातून काय करता येईल ते गणपती झाल्यावर बघू.